मलम दिवसातून तीन वेळा की फक्त तीन दिवस?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका आईचा प्रश्न असा आहे: "माझ्या पाच वर्षांच्या मुलाच्या नाकाखाली आणि हनुवटीवर फोड येऊन त्यांवर पिवळी खपली धरली. मेडिकलमधून आणलेली ट्यूब तीन दिवस लावली, फोड वाळले, म्हणून थांबवली. पंधरा दिवसांनी फोड पुन्हा आले आणि आता मोठ्या मुलीच्या मानेवर व कानामागेही दिसू लागले आहेत. दुसऱ्या वेळी दुकानातून निराळी ट्यूब मिळाली. ती लावली की खाज लगेच थांबते, पण फोड पसरतातच. पहिली अर्धी ट्यूब घरात शिल्लक आहे, ती पुन्हा लावू का? सासऱ्यांच्या पायाच्या बोटांत भातलावणीपासून चिखल्या झाल्या आहेत, त्यांना शुगरही आहे. त्यांनाही तीच लावली तर चालेल का?"

आधी थोडक्यात उत्तर देतो, कारण घरात मुले आजारी असताना कारणमीमांसा वाचायला सवड नसते. दुसरी ट्यूब आजच बंद करा. पहिली अर्धी ट्यूब कोणालाही लावू नका. दोन्ही मुलांना दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. सासऱ्यांचा पाय मात्र उद्या सकाळच्या पुढे ढकलू नका, कारण तुमच्या प्रश्नात शेवटी आलेली ही गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत तातडीची आहे. आता यामागची कारणे सांगतो.

मुलाला जे झाले आहे ते वर्णनावरून तरी इंपेटिगो वाटते. त्वचेच्या अगदी वरच्या थरात होणारा हा जिवाणूंचा संसर्ग स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकोकस पायोजिनीस या दोन जिवाणूंमुळे होतो, कधी एकट्यादुकट्याने, कधी दोघांमुळे मिळून. आधी लहानसा फोड येतो, तो लगेच फुटतो, त्यातून लस वाहते आणि ती वाळून मधासारख्या रंगाची खपली धरते. दोन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तो सर्वाधिक आढळतो आणि दमट हवेत पसरतो. खानापूर, जांबोटी, लोंढा या पट्ट्यात पावसाळ्याचे महिने कपडे धड वाळत नाहीत, मुलांच्या अंगावर डास-चिलटांचे चावे असतात आणि नखे मातीने भरलेली असतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात असे चेहरे मला रोज दिसतात. दिसायला हा आजार भयंकर वाटला तरी संसर्ग उथळ असल्याने नीट उपचार झाल्यास सहसा डाग न राहता बरा होतो, हे आधी मनात पक्के करा, कारण घाबरलेली माणसे एकावर एक ट्यूब बदलत जातात.

हा संसर्ग उथळ असतो म्हणूनच त्यावर मलम चालते. वरून लावलेले प्रतिजैविक त्वचेच्या वरच्या थरापुरतेच पोहोचते. गळू, पिकलेले केसतूड, काखमांजरी किंवा नखुरडे यांतला पू खोलवर कोंडलेला असतो आणि तिथे वरचे मलम जाऊन पोहोचत नाही. अशा ठिकाणी शेक, आणि गरज असेल तर डॉक्टरांच्या हाताने पू बाहेर काढणे, हाच उपचार असतो. त्वचा लाल, गरम आणि ताठ होऊन सूज पसरत चालली असेल, म्हणजे सेल्युलायटिस झाला असेल, तर तिथेही मलमाचा उपयोग नसतो. पोटातून किंवा शिरेतून औषध द्यावे लागते. नाकावर किंवा वरच्या ओठावर आलेले केसतूड तर कधीच दाबून फोडू नये, कारण त्या भागातल्या रक्तवाहिन्यांचा डोक्याच्या आतल्या शिरांशी संबंध असतो.

मलम लावण्याच्या पद्धतीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण चूक बहुधा तिथेच होते. पालक जाड, कोरड्या खपलीवर मलम फासतात. जिवाणू खपलीखाली असतात आणि मलम खपलीवर राहते. माझ्याकडे आलेल्या आईला मी समोर बसवून एकदा करून दाखवतो. आधी हात साबणाने धुवायचे. स्वच्छ मऊ सुती कापड कोमट पाण्यात भिजवून, पिळून, खपलीवर ठेवायचे आणि आठ-दहा मिनिटे तसेच राहू द्यायचे. मूल कंटाळते, म्हणून तेवढा वेळ त्याला मांडीवर घेऊन बसायचे. मग खपली फुगून मऊ होते, कडेने सुटू लागते आणि कापडाच्या हलक्या हाताने पुसताना आपोआप निघून येते. ओढून काढायची नाही. रक्त आले तर समजावे की घाई झाली. खाली गुलाबी, ओलसर त्वचा दिसते, ती साध्या साबणाने धुऊन टिपून कोरडी करायची आणि त्यावर मलमाचा अगदी पातळ थर द्यायचा. नाकाखालच्या दोन-तीन फोडांना तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढे मलम पुरते. पांढरा लेप दिसेपर्यंत लावले तर ते जास्त काम करत नाही, उशीला पुसले जाते एवढेच. मलम बोटावर काढून घ्यावे, ट्यूबचे तोंड फोडाला टेकवू नये आणि लावून झाल्यावर पुन्हा हात धुवावेत. भिजवलेले कापड दुसऱ्या कोणाला वापरू देऊ नये. ते गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे, ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी.

धुण्याला मी जितके महत्त्व देतो तितके बरेच लोक देत नाहीत, पण त्यामागे ठोस कारण आहे. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी 2020 साली असे सुचवले की मोजकेच फोड असलेल्या आणि एरवी ठणठणीत असलेल्या रुग्णाला सुरुवातीला प्रतिजैविकाऐवजी 1 टक्का हायड्रोजन पेरॉक्साइडचे क्रीम द्यावे. प्रतिजैविके राखून वापरावीत हा त्यामागचा हेतू आहे. हे क्रीम म्हणजे आपल्याकडे बाटलीत मिळणारे, जखमेवर ओतताच फेसाळणारे द्रावण नव्हे, त्यामुळे ते आणून मुलाच्या तोंडावर ओतू नका. मला सांगायचे आहे ते इतकेच, की लहानशा संसर्गात प्रतिजैविक हा एकच रस्ता नसतो.

आता तुमच्या तीन दिवसांबद्दल. आपल्या भागात एक घोटाळा मी अनेकदा पाहिला आहे. मेडिकलमधला माणूस कन्नडमध्ये सांगतो, "दिना मूरु सल, ऐदु दिन." म्हणजे रोज तीन वेळा, पाच दिवस. घाईत उभ्या असलेल्या मराठी माणसाच्या कानात "मूरु" आणि "दिन" एवढेच राहते आणि घरी येईपर्यंत त्याचे "तीन दिवस" झालेले असते. चिठ्ठीवरचे अक्षर इंग्रजी, ट्यूबवरचा बारीक मजकूर इंग्रजी, तोंडी सूचना कन्नड आणि घरातली भाषा मराठी, असा चार ठिकाणी हा निरोप बदलतो. तुमच्या बाबतीत नेमके हेच झाले असे मी म्हणत नाही, पण औषध घेताना किती वेळा आणि किती दिवस हे दोन आकडे खोक्यावर पेनाने मराठीत लिहून घ्यायला अजिबात संकोच करू नका. मी स्वतः आता चिठ्ठीच्या तळाशी हे दोन आकडे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून देतो, आणि हा उपाय मला खूप उशिरा सुचला याची खंत वाटते.

किती दिवस लावायचे हे औषधावर अवलंबून असते. मुपिरोसिन 2 टक्के हे मलम सहसा दिवसातून तीन वेळा, पाच दिवस लावतात. डॉक्टरांनी सांगितले तर दहा दिवसांपर्यंत, त्यापुढे नाही. फ्युसिडिक ॲसिड 2 टक्के दिवसातून दोन-तीन वेळा, पाच ते सात दिवस. ओझेनॉक्सासिन हे तुलनेने नवे औषध दिवसातून दोनदा, पाच दिवस. कोणतेही लावा, तीन ते पाच दिवसांत फरक पडला नाही तर तेच पुढे रेटत राहण्याऐवजी पुन्हा दाखवायला हवे, कारण एक तर निदान चुकले आहे, किंवा जिवाणू त्या औषधाला दाद देत नाही, किंवा आत दुसरा आजार आहे.

फोड वाळलेले दिसले की काम झाले असे वाटते, पण वरचा पृष्ठभाग आधी वाळतो आणि जिवाणू काही दिवस मागे राहतात. शिवाय अर्धवट लावलेल्या औषधात जे जिवाणू मरत नाहीत तेच वाढतात. मुपिरोसिन जिवाणूला प्रथिने बांधण्यासाठी लागणारे आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल जागेवर बसू देत नाही आणि त्यामुळे त्याचे जगणे थांबते. ही युक्ती इतर प्रतिजैविकांपेक्षा वेगळी असल्याने 1980 च्या दशकात हे औषध आले तेव्हा ते मोठे वरदान ठरले. आता मुपिरोसिनला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस अनेक देशांत सापडतात आणि हा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊही शकतो. फ्युसिडिक ॲसिड 1962 पासून वापरात आहे. ते एकट्याने आणि वारंवार वापरल्यास प्रतिकार लवकर तयार होतो. यांतले मुपिरोसिन मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या नाकातील जिवाणू कमी करण्यासाठी लागते, म्हणून खरचटलेल्या गुडघ्यावर, घामोळ्यावर किंवा साध्या मुरुमावर ही औषधे सहज फासली जातात तेव्हा मला फार वाईट वाटते. खरचटलेल्या स्वच्छ जखमेला पाणी, साबण आणि वरून व्हॅसलीनचा थर एवढे बहुतेक वेळा पुरते.

तरीही पंधरा दिवसांनी फोड परत आले ते केवळ तीन दिवसांत थांबवल्यामुळे, असे मी म्हणणार नाही. संसर्ग परत येत असेल तर त्याचा उगम शोधावा लागतो. निरोगी माणसांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस कोणताही त्रास न देता राहतो. नाकात बोट घालणाऱ्या मुलाच्या नाकाखालीच फोड येतात, हे त्यामुळेच. अशा वेळी डॉक्टर नाकात लावायचे मुपिरोसिन दिवसातून दोनदा पाच दिवस देतात, पण ते वेगळे मलम असते. अंगावर लावायचे मुपिरोसिन ज्या द्रव्यात मिसळलेले असते ते नाकाच्या आत चुरचुरते आणि डोळ्याला तर अजिबात लागू नये. त्यामुळे अंगावरची ट्यूब स्वतःच्या मनाने नाकात फिरवू नका.

मुलीच्या मानेवर आणि कानामागे फोड आहेत हे वाचून मला पहिल्यांदा उवांची आठवण झाली. डोक्यात उवा झाल्या की मूल मान आणि कानामागचा भाग खाजवते, नखांनी त्वचा फाटते आणि तिथे जिवाणू शिरतात. मानेच्या मागे लहान गाठीही हाताला लागतात. खाली पांढरा कागद धरून केसांतून बारीक फणी फिरवून बघा. दुसरी शक्यता खरजेची. घरात एकापेक्षा जास्त जणांना रात्री जास्त खाज येते का, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ आहे का, हे पाहा. खरूज असेल तर फोडांवर कितीही मलम लावले तरी महिन्याभरात सारे परत येते, कारण खरजेचा किडा तसाच राहतो. त्यावर परमेथ्रिन 5 टक्केसारखे औषध घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी लावावे लागते आणि अंथरुणे-कपडे गरम पाण्यात धुवावे लागतात. सकाळी फक्त मुलाला दाखवून औषध घेतले आणि बाकीचे घर तसेच राहिले, तर त्याचा खर्च आणि त्रास दोन्ही वाया जातात.

दोघा भावंडांना एकाच वेळी फोड आले आहेत, ते पसरत आहेत, आणि मलम एकदा अपुरे पडले आहे, म्हणून यावेळी कदाचित पोटातून प्रतिजैविक द्यावे लागेल. मोजके, साधारण पाचापर्यंत फोड असले तर मलम पुरते. त्याहून जास्त असले, पाण्याने भरलेले मोठे फोड आले, ताप किंवा गाठी आल्या, किंवा घरात एकामागून एक जणांना होत असले तर पोटातले औषध अधिक योग्य ठरते. ते कोणते आणि किती, हे मुलाच्या वजनावर आणि पूर्वीच्या ॲलर्जीवर ठरते, म्हणून ते मी इथे लिहीत नाही. औषध सुरू करून निदान दोन दिवस होईपर्यंत मुलांना शाळेत किंवा अंगणवाडीत पाठवू नका आणि त्यानंतरही ओले फोड झाकून ठेवा. टॉवेल, पंचा, उशीचा अभ्रा प्रत्येकाचा वेगळा हवा. बेळगावच्या तालमींमधली पोरे एकाच पंचाने अंग पुसतात आणि मग आठवड्याच्या आत चौघांच्या मांडीवर सारखेच फोड घेऊन येतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

दुसऱ्या ट्यूबबद्दल तुम्ही लिहिलेले एक वाक्य महत्त्वाचे आहे: लावली की खाज लगेच थांबते. लावल्याबरोबर खाज थांबवण्याचा गुण प्रतिजैविकात नसतो, स्टेरॉइडमध्ये असतो. ट्यूबचे नाव बाजूला ठेवा आणि बारीक अक्षरांतला घटकांचा मजकूर वाचा, वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या. त्यात क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे. अशा ट्यूबमध्ये अनेकदा स्टेरॉइडसोबत निओमायसिन किंवा जेंटामायसिन हे प्रतिजैविक आणि क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध, असे तीन-चार घटक एकत्र असतात. कोणता आजार आहे हे ठाऊक नसताना सगळ्यांवर एकदम लागू पडावे अशी ती भेसळ आहे, आणि म्हणून ती कोणत्याच आजारावर नीट लागू पडत नाही. स्टेरॉइडने लाली आणि खाज कमी होते, फोड बरा होतो आहे असे वाटते, पण त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि जिवाणू वा बुरशी खाली पसरत जातात. नायट्यावर महिनोन्महिने अशी मलमे लावून कमरेपासून मांडीपर्यंत पसरलेले आणि त्वचा पातळ होऊन पांढऱ्या रेघा पडलेले रुग्ण आमच्याकडे येतात. लहान मुलाच्या चेहऱ्याची त्वचा तर अधिकच नाजूक असते. 2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइड असलेली अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून शेड्यूल एचमध्ये घातली, तरी ती मागितल्यावर अजूनही सहज हाती पडतात. दुकानदाराचा हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही. रांगेत उभ्या असलेल्या आईला काहीतरी लवकर बरे वाटणारे द्यावे, असेच त्याला वाटत असते. पण मुलाच्या बाबतीत ही ट्यूब थांबवायलाच हवी.

फोड पसरतात यामागे आणखी एक शक्यता आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. निओमायसिन आणि त्याचे नातेवाईक असलेले फ्रामायसेटिन, म्हणजे आपल्याकडे घरोघरी सोफ्रामायसिन या नावाने ओळखले जाणारे औषध, यांची त्वचेला ॲलर्जी येऊ शकते. निओमायसिनमुळे होणाऱ्या त्रासाचे प्रमाण इतके आहे की अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने 2010 साली त्याला त्या वर्षीचे ॲलर्जीकारक द्रव्य म्हणून जाहीर केले होते. या ॲलर्जीत मूळ जखमेच्या बाहेर, जिथे जिथे मलम लागले तिथे तिथे लाली, खाज आणि पाण्याचे बारीक फोड येतात. रुग्णाला वाटते संसर्ग वाढला, म्हणून तो आणखी मलम लावतो आणि ॲलर्जी आणखी वाढते. एका औषधाची ॲलर्जी असलेल्याला दुसरेही अनेकदा चालत नाही. ओळखायची साधी खूण अशी: संसर्ग बहुधा ठणकतो आणि पिवळा पू धरतो, ॲलर्जी प्रामुख्याने खाजते आणि तिची सीमा मलमाच्या सीमेशी जुळते. शंका आली की ट्यूब थांबवून दाखवायला यावे, आणि ट्यूब सोबत आणावी. पावडरीबद्दलही दोन शब्द लिहितो: ओल्या फोडांवर टाकलेली प्रतिजैविकाची पावडर लसेत मिसळून कडक पापुद्रा धरते आणि त्याखाली जिवाणू सुखाने राहतात, म्हणून चेहऱ्याच्या फोडांवर मी ती देत नाही.

पहिल्या अर्ध्या ट्यूबचे काय, तर डॉक्टरांना दाखवून झाल्यावर ती टाकून द्या. तिचे तोंड कदाचित मुलाच्या फोडाला लागले असेल, म्हणजे त्याचेच जिवाणू मुलीच्या मानेवर नेऊन लावल्यासारखे होईल. ती शिल्लक राहिली आहे म्हणून वापरायची ही घरातली काटकसर समजण्यासारखी आहे, पण पाच ग्रॅमची नवी ट्यूब घ्यायला लागणारे पैसे दोनदा डॉक्टरकडे जाण्यापेक्षा कमी पडतात. नवी ट्यूब एकाच मुलासाठी ठेवावी, चुलीच्या किंवा पत्र्याच्या उष्णतेपासून दूर ठेवावी आणि उपचार संपल्यावर उरलेली फेकून द्यावी.

फोड बरे झाल्यानंतरही तीन ते सहा आठवडे एका गोष्टीवर लक्ष ठेवा. फोड स्ट्रेप्टोकोकसमुळे असतील तर क्वचित मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येते. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसणे, लघवी कमी होणे किंवा काळ्या चहासारख्या रंगाची होणे, ही त्याची लक्षणे आहेत. वेळेवर औषध घेतले म्हणजे हे टळतेच असे नाही, म्हणून लक्षणे माहीत असलेली बरी. दिसली तर त्याच दिवशी लघवीची तपासणी आणि रक्तदाब पाहून घ्या. वेळीच लक्ष दिल्यास बहुतेक मुले पूर्ण बरी होतात.

आता सासऱ्यांकडे वळतो. भातलावणीत दिवसच्या दिवस चिखलात उभे राहिले की बोटांच्या बेचक्यांतली त्वचा पांढरी पडते, फुगते आणि चिरते. या चिखल्यांमध्ये बहुतेक वेळा बुरशी असते आणि तिच्यासोबत जिवाणूही शिरतात. त्यांच्यावर निव्वळ प्रतिजैविकाचे मलम लावले तर बुरशीला ते लागू पडत नाही, आणि मलमाच्या थराने बोटांमधली ओल कोंडून राहते. मधुमेह नसलेल्या माणसाला मी पाय धुऊन बेचक्या कापडाने कोरड्या करणे, बोटांमध्ये कापसाचा पातळ तुकडा ठेवणे आणि बुरशीविरोधी औषध, एवढ्यावर सोडतो. शुगर असलेल्या माणसाला सोडत नाही. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, त्यामुळे जखम दुखत नाही आणि म्हणून ती किरकोळ वाटते. चिकोडीकडच्या एका ऊस शेतकऱ्याने उसाच्या पानाने कापलेल्या बोटावर सहा आठवडे घरच्या घरी मलम लावले होते. वरून जखम वाळली होती, पण बोट दाबल्यावर बाजूने पू आला. हाडापर्यंत संसर्ग गेला होता आणि बोट काढावे लागले. जखम दुखत नव्हती, म्हणून आलो नाही, असे तो मला शांतपणे म्हणाला, आणि ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही.

म्हणून सासऱ्यांना उद्या सकाळी डॉक्टरांकडे न्या आणि शुगर तपासून घ्या. जाताना पाय कोरडा ठेवा. तोपर्यंत कढत पाण्यात पाय बुडवू नका, कारण जाणीव कमी असेल तर पाय भाजेल आणि त्यांना कळणारही नाही. ब्लेडने कातडी कापू नका. पायावर लाली किंवा सूज वर चढत असेल, लाल रेघ दिसत असेल, दुर्गंधी येत असेल, बोट काळसर पडत असेल किंवा थंडी-ताप असेल तर सकाळची वाट न पाहता रात्रीच इस्पितळात न्या. मोठ्या भाजलेल्या किंवा सोललेल्या जागेवर, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाला, कोणतेही प्रतिजैविक मलम स्वतःहून फासू नये, हेही लक्षात ठेवा. मुपिरोसिनच्या मलमातले द्रव्य मोठ्या उघड्या जखमेतून रक्तात शिरले तर ते मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते.

घरगुती उपचारांचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, पण आपल्या भागात मला ते नेहमी दिसतात. निपाणीकडून येणारे रुग्ण कापलेल्या जागी तंबाखूची भुकटी दाबून येतात, कोणी चुना, कोणी राख, कोणी शेण लावून येतात. जखमेत माती किंवा शेण गेले तर धनुर्वाताचा धोका असतो, म्हणून सासऱ्यांना शेवटचे धनुर्वाताचे इंजेक्शन कधी दिले होते तेही डॉक्टरांना सांगा. लहान मुलाच्या चेहऱ्यावर हळदीचा लेप देऊ नका. हळदीवर माझा राग नाही, पण तिच्या रंगाखाली लाली वाढते आहे की उतरते आहे हे कोणालाच दिसत नाही.

डॉक्टरांकडे जाताना दोन्ही ट्यूब त्यांच्या खोक्यांसह घेऊन जा, तिसऱ्यांदा घरात काही लावू नका, आणि मुलांची तपासणी होईपर्यंत फोड फक्त कोमट पाण्याने व साबणाने दिवसातून दोनदा धुवा. मुलाच्या हाताची नखे आज रात्रीच कापून टाका.